प्रेम व जिव्हाळ्यापोटी नव्हे

मी, निरंजना चतुरभाई अमीन, वय त्रेसष्ट, अविवाहित, सरकारी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतून तंत्रज्ञ म्हणून निवृत्त, राहणार आणंद, माझ्या स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवते की हे माझे मृत्युपत्र आहे. याआधी मी दुसरे केलेले नाही. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉ. इद्रीस व्होरा यांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखल्यासाठी त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करायला सांगितले. मी दोनपर्यंत उतरले. "बस करा, बेन," ते म्हणाले, "मी स्वतः पासष्टच्या खाली कधी गेलो नाही."

माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दोघांनी आणून पाहिले. त्यांची नावे पुढे येतील.

वकील नौतमभाई शाह यांनी करून दिलेल्या मसुद्यात "नैसर्गिक प्रेम व जिव्हाळ्यापोटी" असे शब्द होते. ते मी काढायला लावले. त्या शब्दांखाली मी आजवर दोनदा सही केली आहे. पहिली १९८९ साली, बापुजी गेल्यावर, तालुक्याच्या कचेरीत. आमच्यात मुलीने भावांच्या नावे आपला हक्क कमी करून द्यायचा असतो, म्हणजे माहेरचे दार उघडे राहते. साडेसात विघे जमिनीतला माझा हिस्सा मी तसा सोडला आणि बाहेर येऊन भावांबरोबर उसाचा रस प्यायले. दुसरी सही १९९५ साली, रुग्णालयाच्या फॉर्मवर. माझे डावे मूत्रपिंड माझा धाकटा भाऊ प्रफुल्ल याला मी प्रेम व जिव्हाळ्यापोटी देत आहे, असे त्यात होते. दोन्ही वेळी मनात प्रेम होते, हे मी नाकारत नाही. पण माझे मोठे भाऊ हसमुखभाई, घरात सगळ्यांचे मोटाभाई, यांच्या सहीचे कागदही मी पाहिले आहेत. त्यांत खरेदी असते, भाडेपट्टा असतो, भागीदारी असते. प्रेम लिहिलेला कागद त्यांच्यापुढे कोणी कधी सरकवलेला मला आठवत नाही.

हे मृत्युपत्र आजच करण्याचे कारण माझी तब्येत नाही. प्रफुल्लचा मोठा मुलगा केयूर याची मूत्रपिंडे निकामी होत आली आहेत आणि त्याची बहीण मौलिका हिने आपले एक द्यावे, असे घरात ठरले आहे. ठरवताना मौलिका तिथे नव्हती. मी तिची फोई, बापाची बहीण. ती हो किंवा नाही म्हणायच्या आत माझे घर कोणाचे, हे कागदावर यायला हवे.

कलम पहिले, देहाविषयी. माझे डोळे नेत्रपेढीला आणि देह जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाला द्यावा. डावी बाजू उघडल्यावर तिथल्या मुलांचा गोंधळ होऊ नये म्हणून सांगते की तिथे जे नाही ते हरवलेले नाही. ते २०१९ च्या ऑगस्टमध्ये प्रफुल्लबरोबर स्मशानात गेले. स्वतःच्या देहाचा एक तुकडा आधी पोहोचवून मी मागे राहिले आहे.

काही वापरण्याजोगे निघाले तर ते एखाद्या बाईला मिळावे, असे मला लिहायचे होते.

"बेन, कायद्यात तसं बसत नाही," नौतमभाई म्हणाले. "यादी असते, नंबर असतो."

"त्या यादीत बायका किती असतात?"

"ते मला कसं माहीत असणार?"

"मला आहे," मी म्हटले. त्यांनी पाणी मागवले.

माझ्यामागे बेसणु ठेवू नये. पांढऱ्या साड्या नेसून बायका भिंतीला टेकून बसतात आणि पुरुष बाहेर खुर्च्यांवर तंबाखूचा भाव बोलतात, तो कार्यक्रम मी पुष्कळ पाहिला आहे.

कलम दुसरे, पूर्वइतिहास. नौतमभाईंचे म्हणणे की मृत्युपत्रात इतिहासाचे कलम नसते. मी त्यांना विचारले, घर विकताना ते कोणाकडून कोणाकडे कसे आले याची साखळी बघता की नाही? बघतो, म्हणाले. मग ही माझ्या मूत्रपिंडाची साखळी आहे.

बापुजींनी मला वडोदऱ्याच्या कॉन्व्हेंटात बोर्डिंगला ठेवले. दोघे भाऊ गावच्या शाळेत गेले. यावरून बापुजी सुधारक होते असे कोणी समजू नये. इंग्रजी बोलणारी मुलगी नैरोबीला किंवा लेस्टरला देता येते, असा त्यांचा हिशेब होता. सिस्टर ॲग्नेला आम्हाला एकच गोष्ट शिकवायच्या. कोणी काही सांगितले की विचारायचे, कोण म्हणतं? कशावरून? पुढे नोकरीत मी हे डॉक्टरांना विचारले, कंपनीच्या माणसांना विचारले, एकदा आरोग्यमंत्र्यांच्या सचिवाला विचारले. घरात मात्र कधीच विचारले नाही.

नैरोबी झाले नाही, लेस्टरही झाले नाही. पण घरात इंग्रजी वाचणारी मी एकटी उरले. ट्रॅक्टरची हमी, व्हिसाचे फॉर्म, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, सगळे कागद माझ्याकडे येत. हे लक्षात ठेवावे, कारण एक कागद आला नाही.

बापुजी मूत्रपिंडात गाठी होऊन गेले. हा आजार रक्तातून येतो. तो प्रफुल्लकडे आला. १९९५ साली तो तीस वर्षांचा होता. बायको हर्षिदा, केयूर पाच वर्षांचा, निमेश दोनाचा आणि मौलिका दहा महिन्यांची. डॉक्टर म्हणाले, भाऊ किंवा बहीण असेल तर उत्तम. हसमुखभाईंची आणि माझी, दोघांची तपासणी झाली. दोघेही निरोगी निघालो. मग एका सकाळी बा, माझी आई, माझ्या खोलीत आली. तेव्हा मी तेहेतीस वर्षांची होते, आणि पेटलादच्या नटवरभाई नावाच्या शिक्षकाशी माझ्या लग्नाची बोलणी चालली होती.

बा म्हणाली, "मोटाभाईचं रक्त जुळत नाही, गं. ग्रुपच वेगळा निघाला. आता तूच."

मी म्हटले, "पेटलादच्या लोकांना काय सांगायचं?"

"त्यांना कशाला सांगायचं? आणि हे बघ, मोटाभाईच्या मागे बायको-पोरं आहेत, तंबाखूची खळी आहे. तू एकटी. तू तर रिकामी."

आमच्याकडे जिला नवरा-मूल नाही ती रिकामी. सकाळी सात ते दुपारी तीन मी लोकांचे रक्त तपासत होते, पण रिकामी. हो म्हटल्यावर बाने आपल्या हातातल्या दोन सोन्याच्या बांगड्या काढून माझ्या हातात घातल्या. मला रडू आले होते, हे इथे नमूद करते.

आता माझी चूक. मी रक्तगट तपासण्याचीच नोकरी करत होते. बापुजींचा गट ओ होता. बाचाही ओ, तिचे बोट मी स्वतः टोचले होते. दोन ओ गटांच्या आईबापांना ओ गटाचीच मुले होतात, हे नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या पोरींना मी फळ्यावर लिहून शिकवत असे. त्यामुळे मोटाभाईंचा गट वेगळा निघूच शकत नव्हता. हे कळायला फळाही लागत नव्हता. पण सांगणारी बा होती. परक्याने सांगितले असते तर मी दोन मिनिटांत पकडले असते.

रुग्णालयात फिलोमिना मॅकवान ही परिचारिका होती. तिची माझी मैत्री तिथली. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी माझा रक्तदाब घेता घेता ती म्हणाली, "निरु, या मजल्यावर मला अकरा वर्षं झाली. तुला एक गंमत सांगू? देणाऱ्यांच्या खोलीत बांगड्या वाजतात आणि घेणाऱ्यांच्या खोलीत घोरणं ऐकू येतं."

"कधी उलटं नाही होत?"

"होतं ना. बोरसदची एक बाई होती, तिची दोन्ही गेलेली. नवरा म्हणाला, घरी नेऊन विचार करतो. सहा वर्षं झाली, विचारच करतोय. दुसरी बायको बरी आहे म्हणतात."

मी हसले. मला वाटले, आमचे घर तसे नाही.

प्रफुल्लला सहा महिने वेगळी खोली, वेगळा माठ, उकळलेली भांडी. ते योग्यच होते. मला बाराव्या दिवशी बा म्हणाली, "हर्षिदा त्याच्यापाशी बसलीय. तू जरा रोटल्या लाटून घे, बसल्या बसल्या." मी बसल्या बसल्या लाटल्या. टाके ओढत होते. पेटलादहून नटवरभाईंच्या आईचा निरोप आला की मुलगी गुणी आहे, पण अपुरी. नटवरभाई स्वतः एकदा प्रयोगशाळेत येऊन गेले. समोरच्या बाकावर अर्धा तास बसले, पंख्याकडे बघितले, रक्तातली साखर तपासून घेतली आणि गेले. साखर ठीक होती. पुढच्या आंब्याच्या दिवसांत त्यांच्या लग्नाची पत्रिका आली.

चोवीस वर्षे प्रफुल्ल दर महिन्याला तपासणीला गेला. गाडी, ड्रायव्हर, बरोबर हर्षिदा, डब्यात भाकरी आणि मूग. ज्याने घेतले त्याची तपासणी होते. जिने दिले तिची करायची असते, हे कोणाच्या ध्यानात आले नाही. माझ्याही नाही. पन्नाशीला रक्तदाब लागला. मागच्या वर्षी क्रिएटिनिन दोन पूर्णांक एक निघाले, म्हणजे उरलेले मूत्रपिंडही थकत आले. हर्षिदाला फोनवर सांगितले तर म्हणाली, "मीठ कमी करा, बेन." मीठ कमी केले आहे. माझ्यासाठी कोणाचे मूत्रपिंड घेऊ नये, मागू नये. कोणी देऊ केलेले नाही, त्यामुळे ही सूचना फार कठोर ठरू नये.

कलम तिसरे, बाच्या बांगड्या. दोन नग, वजन सोनाराच्या पावतीप्रमाणे. या माझे मोठे भाऊ हसमुख चतुरभाई अमीन यांना द्याव्यात, कारण त्या त्यांच्याच आहेत. कसे, ते सांगते.

बा शेवटची चार वर्षे अंथरुणाला खिळून होती, ती माझ्या घरी. मोटाभाईंच्या घरात जिना होता आणि प्रफुल्लला जंतुसंसर्गाची भीती होती. मी रिकामी होते. ती आपले लोखंडी कपाट घेऊन आली होती. २०१६ साली ती गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात मी ते कपाट आवरले. मधल्या फळीवर अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली एका खासगी प्रयोगशाळेचे पाकीट होते. बाला गुजराती वाचता यायचे, इंग्रजी नाही. पण रुग्णालयाचा कागद टाकायचा नाही, पुढे लागतो, एवढे तिला माहीत होते. तो १९९५ च्या मार्चमधला हसमुखभाईंचा रिपोर्ट होता. रक्तगट ओ. पेशींच्या सहा खुणांपैकी प्रफुल्लशी सहाही जुळत होत्या. माझ्या तीन जुळल्या होत्या. खाली शेरा होता की प्रकृती उत्तम, दाता म्हणून सर्वांत योग्य. ज्या घरातला प्रत्येक इंग्रजी कागद माझ्या हातून जायचा, त्या घरात हा एकच माझ्यापर्यंत पोहोचला नाही, आणि तो पोहोचला नाही हे मला एकवीस वर्षे सुचले नाही. त्यांतली चार वर्षे तो माझ्याच घरात होता. बाची पाठ पुसायला मी त्या कपाटातून टॉवेल काढत होते.

दुसऱ्या दिवशी मी मोटाभाईंकडे गेले. ते हिंचक्यावर बसून बशीतून चहा पीत होते. मी कागद त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी चष्मा शोधायचे नाटक केले नाही, एवढे श्रेय त्यांना देते.

"बा म्हणाली," ते म्हणाले. "एकाच वेळी दोन संसार कापायला नकोत, म्हणाली."

"आणि माझा?"

"तुझा कुठे होता, बेन?"

"होणार होता."

"होणार होता आणि होता, यात फरक असतो ना." मग बशी खाली ठेवून म्हणाले, "मी नाही म्हटलं नव्हतं. मला कोणी विचारलंच नाही. बाने परस्पर ठरवलं."

"तुम्हाला रिपोर्ट माहीत होता."

"माहीत होता."

"मग?"

"मग काय. जुनी गोष्ट. चहा घे."

मी चहा घेतला नाही. तेव्हापासून त्या घरचे पाणीही घेतलेले नाही.

प्रफुल्लला मी त्याच संध्याकाळी विचारले. तो म्हणाला, ऑपरेशननंतर कळले. मी विचारले, मग बोलला का नाहीस? "बोलून काय करणार होतो, निरुबेन? परत करता येत होतं का?" निदान हे उत्तर खरे होते. त्याच्यावर मी रागावले, पण त्याच्या मरणापर्यंत त्याला राखी बांधली. बाला मात्र मी माफ केलेले नाही आणि हे लिहून ठेवते, कारण मेलेल्या आईविषयी असे बोलू नये म्हणून ते कोणी माझ्या तोंडून ऐकून घेत नाही. तिचे माझ्यावर प्रेम नव्हते असे नाही. तीन मुलांपैकी कोणाचे अंग कापले तर घराला कमी लागेल, हे तिने शांतपणे पाहिले आणि बरोबर उत्तर काढले. मला तेच सोसवत नाही.

म्हणून बांगड्या हसमुखभाईंना. सोबत त्या रिपोर्टची प्रत द्यावी. मूळ कागद द्यायचा नाही.

कलम चौथे, साड्या. प्रफुल्लच्या घरून दर राखीला आलेल्या चोवीस साड्या माळ्यावरच्या पेटीत आहेत. एकीलाही फॉल लावलेला नाही. त्या माझ्या घरी स्वयंपाकाला येणाऱ्या रेवाबेन परमार यांना द्याव्यात. रेवाबेनला मी आधीच विचारले. ती म्हणाली, "एवढ्या साड्या, आणि सगळ्या मोरपंखीच कशा हो?" कारण हर्षिदा एकाच दुकानातून एकाच वेळी सहा-सहा घेऊन ठेवायची. एवढे करूनही रेवाबेन नेसेल तेव्हा त्या चांगल्याच दिसतील.

माझी स्कूटरही रेवाबेनला. तिच्या मुलाला नव्हे. चालवायला ती शिकली आहे, परवाना काढायचा राहिला आहे. परवान्याचा खर्च माझ्या बचतीतून करावा.

माझा सूक्ष्मदर्शक, जो प्रयोगशाळेने मोडीत काढला तेव्हा मी घेतला होता, गावच्या मुलींच्या शाळेला. काच उजवीकडून जरा सैल आहे.

फिलोमिना मॅकवानला आंब्याच्या लोणच्याच्या दोन बरण्या ठेवायच्या होत्या. पण ती साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही ठेवू नये, असे नौतमभाई म्हणतात. सही की लोणचे, असे मी तिला विचारले. ती म्हणाली, "सही करते. लोणचं तू जिवंत असतानाच नेईन." काल घेऊन गेली.

कलम पाचवे, घर. सोसायटीतील माझे टेनामेंट, खाली दोन खोल्या, वर एक, मागे पपईचे झाड, माझ्या पगारातून घेतलेले, कोणाचा हिस्सा नसलेले.

गेल्या महिन्यात एका रविवारी हर्षिदाने मला बोलावले. मोटाभाई आले होते, म्हणून मी उंबऱ्याजवळच्या खुर्चीत बसले. केयूर आतल्या खोलीत झोपला होता. डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी त्याला उठवत नाही. तो चांगला मुलगा आहे. त्याने कोणाकडे काही मागितलेले नाही. मागावे लागत नाही, मागणारे इतर असतात.

हर्षिदा म्हणाली, "बेन, तुम्ही समजवा मौलिकाला. तुमचं ती ऐकते. तुम्ही स्वतः दिलंय, तुम्हाला बघून तिला धीर येईल."

मी विचारले, "तू तपासून घेतलंस?"

"मला साखर आहे ना."

"निमेशचं काय?" निमेश धाकटा भाऊ, बत्तीस वर्षांचा, मोबाईलचे दुकान आहे, सायकलच्या शर्यतीत उतरतो.

हर्षिदा म्हणाली, "निमेशचं रक्त जुळत नाही, बेन. ग्रुप वेगळा निघाला."

मी मोटाभाईंकडे बघितले. ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते.

"रिपोर्ट कुठे आहे?" मी विचारले.

"डॉक्टरांकडे."

"मला दाखव."

"तुमचा विश्वास नाही का?"

"नाही."

मोटाभाई म्हणाले, "निरु, त्या पोराचा डिसेंबरात साखरपुडा आहे. मुलीकडच्यांना असलं काही कळलं तर मोडेल. मौलिकाचं काय, तिचा घटस्फोट झालेला आहे, मूलबाळ नाही. ती आता रिकामीच आहे."

"तिची नोकरी आहे, मोटाभाई. ती वडोदऱ्याला गणित शिकवते."

"शाळेला दिवाळीची सुट्टी असते ना," ते म्हणाले.

या वेळी गणिताने उत्तर निघत नाही. प्रफुल्ल ओ होता, पण हर्षिदा ए आहे. त्यांच्या मुलांत दोन्ही गट येऊ शकतात. निमेशचे खरेच जुळत नसेल किंवा जुळतही असेल. कागद बघितल्याखेरीज कळणार नाही, आणि कागद आजच्या तारखेपर्यंत कोणी दाखवलेला नाही. मौलिकाला मी फक्त हसमुखभाईंचा जुना रिपोर्ट दाखवला. तिने तो दोनदा वाचला आणि घडी घालून परत दिला.

दडपण आणणारे दोघे म्हणजे मोटाभाई आणि हर्षिदा. त्या रविवारनंतर दोघे आळीपाळीने येऊन गेले. मोटाभाईंनी पहिल्यांदा माझ्या घरचा चहा मागून घेतला.

मग मी या कलमाखाली पुढील अट घातली. ती आता खोडलेली आहे, पण वाचता येईल अशी खोडली आहे आणि बाजूला माझी सही आहे. अट अशी होती: "सदर घर माझी भाची मौलिका हिला मिळावे, मात्र तिने आपले मूत्रपिंड भावास अथवा अन्य कोणास दिलेले नसावे, दिल्यास घर विकून रक्कम अनाथाश्रमास द्यावी." नौतमभाईंनी तीन वेळा विचारले, नक्की? मी म्हटले नक्की. मला वाटले, मी तिला एक भिंत बांधून देते आहे. घरच्यांना सांगता येईल, फोईचे घर जाईल, नाही देऊ शकत. पैशाचे कारण आमच्याकडे सगळ्यांना समजते.

परवा ती आली. मी मसुदा तिच्यापुढे ठेवला. पपई कापून दिली. ती सगळे वाचेपर्यंत मी स्वयंपाकघरात उगाच भांडी हलवत होते.

ती म्हणाली, "फोई, आजीने तुम्हाला बांगड्या दिल्या."

"हं."

"तुम्ही मला घर देताय."

"हं."

"म्हणजे भाव वाढला. एवढंच." तिने पपईची बशी बाजूला सारली. "त्यांना माझ्याकडून हो हवंय, तुम्हाला नाही हवंय. माझ्याकडून काय हवंय हे सगळ्यांचं ठरलंय. मला कोणी विचारलं का?"

मी म्हटले, "मग सांग, काय करणार आहेस?"

"मला माहीत नाही. आधी निमेशचा रिपोर्ट माझ्या हातात. डॉक्टरांच्या तोंडून नाही, मम्मीच्या तोंडून नाही. कागद. मग माझी तपासणी. मग ज्यांनी दिलंय अशा चार बायकांना भेटणार, फिलोमिनाबेन पत्ते देतायत. मग ठरवीन."

"आणि निमेशचं खरंच जुळत नसेल तर?"

"मग केयूरभाई आहे, फोई. त्याने मला सायकल शिकवली. मी विचार करीन. तुम्हाला कोणी विचार करू दिला नव्हता. तुम्ही पण तेच करू नका."

शाळेत सिस्टर ॲग्नेला आमच्या वहीत लाल शाईने रेघ मारत, तेव्हा जसे कान तापायचे तसे माझे तापले. मी काहीतरी बोलले, जेवून जा म्हणाले. ती जेवली नाही. तिला वडोदऱ्याची गाडी गाठायची होती. दारात चप्पल घालताना म्हणाली, "रागावू नका." मी म्हटले, "रागावले आहे." ती म्हणाली, "ठीक आहे," आणि गेली.

नौतमभाई म्हणाले, अट काढायची तर नवा कागद करू, स्वच्छ दिसेल. मी नको म्हटले. स्वच्छ दिसणाऱ्या कागदांनी आमच्या घराचे पुष्कळ नुकसान केले आहे. मीही तेच करायला निघाले होते, हे कागदावर दिसू दे.

तर कलम पाचवे असे वाचावे. माझे घर, जमीन व झाडासह, माझ्यामागे मौलिका प्रफुल्लभाई अमीन हिचे, एकटीचे, कोणत्याही अटीविना. तिने ते विकावे, भाड्याने द्यावे, राहावे. भावांच्या नावे हक्क कमी करून देण्याचा कागद कोणी तिच्यापुढे ठेवलाच, तर तो तिने तीन दिवस घरी नेऊन वाचावा. ही विनंती आहे, अट नव्हे. हे घर मिळावे म्हणून तिने काही करायचे नाही, आणि काही करायचे टाळायचेही नाही.

कलम सहावे, बचत. बँकेत व पोस्टात जे काही असेल त्यातून रेवाबेनच्या परवान्याचा व माझ्या देहाच्या वाहतुकीचा खर्च जाऊन उरलेले मौलिकालाच. मूत्रपिंड देण्याचे तिने ठरवलेच, तर तिची तपासणी दर वर्षी व्हावी, ज्याला दिले त्याची होते तशीच, आणि तिने बारा आठवडे कोणासाठी रोटली लाटू नये. त्या काळात कोणी तिला "बसल्या बसल्या" काही करायला सांगितले, तर फिलोमिना त्या घरी जाऊन बसेल. तिने तसे कबूल केले आहे. तिच्या आवाजाची त्या घराला माहिती आहे.

कलम सातवे, व्यवस्था. हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे काम नौतमभाई शाह यांनी करावे. ते माझ्याहून आठ वर्षांनी मोठे आहेत आणि जिलेबी सोडत नाहीत, म्हणून ते आधी गेल्यास हे काम मौलिकाने करावे. हसमुखभाईंनी न्यायालयात हरकत घेतल्यास सोबतच्या पाकिटातील मूळ रिपोर्ट न्यायाधीशांपुढे ठेवावा आणि मोठ्याने वाचून दाखवावा. इंग्रजी वाचणारे आता पुष्कळ आहेत.

मौलिका काय ठरवते ते मला कळेल किंवा कळणार नाही. तिने नाही म्हटले तर तिला घरात काय काय ऐकून घ्यावे लागेल, याची मला पूर्ण कल्पना आहे. तिने हो म्हटले तर मला राग येईल, आणि तो खरा असेल. त्या रागाची वाटणी मी या कागदात कोणाच्याही नावे केलेली नाही.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला, पाचव्या कलमातील खोडाखोड माझी आहे, आणि खालील दोन साक्षीदारांच्या देखत मी सही केली. त्यांनी माझ्या व एकमेकांच्या देखत केली.

सही: निरंजना चतुरभाई अमीन

साक्षीदार पहिले: डॉ. इद्रीस व्होरा, आणंद
साक्षीदार दुसरी: फिलोमिना मॅकवान, निवृत्त परिचारिका, आणंद

स्थळ: आणंद
दिनांक: १४ ऑक्टोबर २०२५, मंगळवार